पाण्याच्या दिवशी धवला

पडदा वर जातो तेव्हा आधी एक खाट दिसते. खाटेवर पाय लांब करून, पाठीशी उशांचा ढीग रचून एक म्हातारी बसली आहे. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, आणि कपाळावर लग्नाच्या दिवसाला अजिबात न शोभणाऱ्या आठ्या. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही. टीव्हीखाली तेलाच्या डब्याएवढा काळा कॉम्प्युटर आणि टीव्हीच्या माथ्यावर चिकटवलेला कॅमेऱ्याचा एक डोळा. डाव्या विंगेत दार. दारातून बोळ दिसतो. त्या बोळात एकाला एक खेटून उभी निळी पिंपं, काठोकाठ भरलेली. त्यांच्यावर फळ्या टाकून चढवलेले हंडे, कळश्या, बादल्या, त्याही भरलेल्या. बाहेर पनवेलची मे महिन्याची दुपार, आणि लांब कळंबोलीच्या रस्त्यावर ट्रकांचे भोंगे. टीव्हीवर एक नवरी पाटावर बसली आहे. तिचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं आहे, आणि ते तसंच उघडं राहिलं आहे.

"मेला! परत मेला, जल्ला!" ही या प्रयोगाची नांदी.

मेलं होतं ते नेट. नवरी चांगली ठणठणीत होती. ती किशोरी, खाटेवरच्या गंगाबाईच्या लेकीची लेक. तिकडे गव्हाणला आपल्या दारच्या मांडवात बसून ती आजीच्या आवाजाची वाट बघत होती. त्या दिवशी तिला हळद लागायची होती, आणि आजीने धवला गायल्याशिवाय अंगाला हळदीचं बोटही लावून घेणार नाही, असं तिने घरातल्या थोरामोठ्यांना तोंडावर सांगितलं होतं.

खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण येते. कुठे कुठे तर भटजी येतच नाही, धवलारीणच लग्न लावते. दिवा लावला की त्याचा धवला, हळद वाटली की तिचा, नवरीच्या अंगाला पहिलं बोट लागलं की त्याचा. पोथी नाही, कागद नाही. सगळं गळ्यात. गंगाबाईच्या गळ्यातून निघालेल्या धवल्यांवर खाडीच्या दोन्ही काठांची लग्नं लागली होती. मोठमोठ्या नाटक मंडळ्यांतल्या गायकांनी हेवा करावा असा आवाज. कर्ण्याची गरज नाही, साथीची गरज नाही. मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत शब्द न शब्द पोचायचा.

आणि तोच आवाज भांडणालाही.

बापाने पोरीचं नाव गंगा ठेवलं आणि जन्मभर तिला पाण्यासाठी भांडायला लावलं. गावाची विहीर भराव टाकून बुजवली तेव्हा सांगण्यात आलं की आता नळ येईल. नळ आला, पाणी यायचं राहिलं. नवरा वादळात गेला. मग ती दोन पोरांना घेऊन पनवेलला आली, आणि सकाळी मच्छीबाजारात पाटी लावून रात्री नळावर रांग लावत तिने संसार ओढला. एकदा टँकरवाला पाणी न देताच निघाला, तर ही मच्छी कापायचा कोयता मांडीवर घेऊन टँकरच्या पुढ्यात फतकल मारून बसली. "चालव," म्हणाली. "माज्यावरनं चालव. रक्त तरी वायेल रस्त्यानं, तुज्या टँकरातनं तर काय वायत नाय." टँकर रिकामा झाल्यावरच हलला. पुढे लेक प्रितम द्रोणागिरीच्या गोदामात कामाला लागला, त्याने शांतिकुंज नावाच्या इमारतीत जागा घेतली. गंगाबाई राहायला आली आणि त्या नावाला काही अर्थ उरला नाही.

प्रितमला आईच्या स्वभावाचं औषध ठाऊक होतं. त्याने काळा डबा जोडून टीव्हीचा घरचा सिनेमा केला. जुने चित्रपट, कुस्त्या, गावच्या पालखीची चित्रं, सगळं आईला खाटेवर बसल्या जागी. नेटची वायर पुढच्या गॅलरीतून घरात यायची, तिथेच त्याने भिंतीवर राउटर ठोकला होता. गंगाबाई त्याला शिंगाड्या म्हणायची, कारण त्याला दोन शिंगं होती. गॅलरीतल्या शिंगाड्यापासून आतल्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत वायर नव्हती, सगळा कारभार हवेतून.

आणि हा हवेतला कारभार एक दिवस चालायचा, एक दिवस मरायचा.

उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येत होतं. गंगाबाईने हिशेब मांडला. पाण्याच्या दिवशी नेट मरतं. पाण्याच्या दिवशी इमारतीतली सगळी माणसं घरी असतात. म्हणजे त्यांतलं कुणीतरी तिचं नेट चोरतं. आणि दारासमोर दार कुणाचं? समोरच्या दाऊदचं. दाऊद आखातात जन्म घालवून परतलेला, हातात नेहमी मोठा फोन. झालं! पुरावा पुरे झाला. कंपनीच्या माणसाने येऊन शिंगाड्या बदलला, लेकाने कॉम्प्युटर उघडून झाडला, पण गंगाबाईने निकाल दिला तो दिलाच. एका सकाळी तिने जिन्यात उभं राहून दाऊदच्या बायकोला, कुबराला, साऱ्या मजल्यांना ऐकू जाईल असं सुनावलं.

"पायजे तर मागून घेवा! चोरता कला?"

कुबरा हातातली भाजीची पिशवी तशीच धरून उभी राहिली. "मावशी, अल्ला बघतोय. तुमच्या घरातली मिठाची चिमूटसुद्धा न विचारता नेली नाही मी कधी."

"मीठ नाय नेलास. नेट नेलास!"

त्या दिवसापासून इकडचे सुके बोंबील तिकडे जायचे थांबले आणि तिकडची खीर इकडे यायची थांबली. गंगाबाईने तेवढ्यावर भागवलं नाही. तिने प्रितमला बसवून पासवर्ड बदलायला लावला. नवा शब्द तिनेच सांगितला. प्रितम "आये, नको," म्हणाला. मग त्याने मुकाट्याने तोच ठेवला.

त्यानंतर गंगाबाई मोरीत घसरली. खुबा मोडला, आत पट्टी घातली, डॉक्टरने महिनाभर खाट सोडायची नाही म्हणून बजावलं. तिकडे लग्नाची तारीख ठरलेली. इमारतीला लिफ्ट नाही. गव्हाणचे पोरगे म्हणाले, "आजी, आमी चौघं तुला खुर्चीत घालून उचलून नेताव."

"चौघं?" गंगाबाई कडाडली. "चौघांचे खांद्यावं मी एकदाच जानार. तवा मना गाता येनार नाय. चला, निगा!"

फोनवरून गाऊन पाहिलं. शेजारच्या गावातल्या एका साखरपुड्याला तिने फोन कानाला लावून गाणं म्हटलं होतं, पण तिथे काय चाललंय ते दिसेना. बायका अजून तांदूळ निवडत होत्या आणि ही ओटी भरल्याचं गाऊन मोकळी झाली. तिकडचं हसू फोनमधून इकडे ऐकू आलं. "आंदली धवलारीण केलीव माजी," ती म्हणाली, आणि दोन दिवस जेवली नाही. धवलारणीला हात दिसले पाहिजेत. कुणी वाटी उचलली, कुणाचं बोट हळदीत बुडलं, त्यावर पुढचा शब्द. फोनचा पडदा तिच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना पुरत नव्हता. म्हणून मग टीव्ही, त्यावर कॅमेरा, आणि तिकडे मांडवात प्रितम फोन उंच धरून उभा.

आदल्या दिवशी तालीमही झाली. पाण्याचा दिवस नव्हता. चित्र आरशासारखं. किशोरीने हातावरची मेंदी दाखवली, आजीने तिला "कवरी काली झालंस गो," म्हणून झापलं. सगळं कसं सुरळीत.

पण नाटकवाल्यांना ठाऊक असतं, तालीम चांगली झाली की प्रयोगाला धास्ती बाळगावी. हळदीच्या दिवशी पहाटेच दवंडी फिरली: पाइपलाइनच्या कामासाठी पुढचे तीन दिवस नळ कोरडा राहणार, आज काय ते भरून घ्या. दुसऱ्या दिवशी लग्नाची पाव्हणेमंडळी पनवेलला मुक्कामाला येणार. प्रितमने होती नव्हती ती सारी भांडी भरली. जागा पुरेना म्हणून पिंपांवर फळ्या टाकून त्यांवर हंडे चढवले. मग आंघोळ करून, नवीन शर्ट घालून नवरीचा मामा गव्हाणला गेला. जाताना कुबराच्या पाया पडून सांगून गेला, "भाभी, आईजवळ थांबा. तिच्या तोंडाकडे बघू नका, माझ्याकडे बघून थांबा."

कुबरा आली. पण बसली नाही. गंगाबाईने बस म्हटलं नाही आणि न सांगता त्या घरात टेकायची कुबराची तयारी नव्हती. सकाळपासून ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. पाणी दिलं, गोळ्या दिल्या, वेणी माळून दिली, सगळं उभ्याउभ्या. दोघींत एक अक्षर बोलणं नाही.

आणि आता नवरीचं तोंड उघडं राहिलं होतं.

गंगाबाईने हातातला रिमोट टीव्हीच्या दिशेने भिरकावला. तो भिंतीला लागून फुटला. इतक्यात उशाशेजारचा फोन वाजला. प्रितम होता.

"आये, तू दिसत नायस. अवधूत डीजेवाल्याला हाक मारतोय."

अवधूत किशोरीचा चुलता. मांडवातली प्रत्येक गोष्ट आपल्या खर्चाने झाली असं सांगत फिरणारा. मागून त्याचाच आवाज आला, "म्हातारीला आराम करू दे रे! गाणी काय, आपल्याकडे पेन ड्राइव्हमध्ये भरलेली हायेत."

"किशोरी?" गंगाबाईने विचारलं.

"पाटावरनं उठत नाय. रडत पन नाय. नुसती बसलीय. पन आये, बाया आता बोलायला लागल्यात. म्हनतात, म्हातारी नाय तर नाय, हलद वालतेय."

गंगाबाईने फोन खाली ठेवला.   एवढा राग तिला टँकरवाल्याचाही आला नसेल.

कुबरा चौकटीतून हलली, समोरच्या दारात गेली आणि नवऱ्याला घेऊन आली. दाऊद उंबऱ्यापाशी थांबला. साठी उलटलेला, पांढऱ्या दाढीचा, हळू बोलणारा माणूस.

"पासवर्ड सांगा, गंगाबाई. नेट कुठे अडतंय ते माझ्या फोनवर बघतो."

"प्रितमला इचार."

"प्रितम तिकडे फोन धरून उभा आहे. त्याला कशाला हलवता? तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाव हाय. मीच ठेवलाय."

"मग सांगा."

गंगाबाईने टीव्हीकडे पाहिलं. तिथे नात तोंड उघडून बसलेली. अशा वेळी रंगमंचावर कुणी खोकलं तरी ऐकू जातं.

"दाऊद चोर."

"काय?"

"भैरा झालास? दाऊद. चोर. विंग्रजीत. मदी जागा नाय सोडाची."

कुबराने ओढणीचं टोक दातांत धरलं. दाऊदचा चेहरा लाल झाला. त्याने खिशातून चष्मा काढला, काच पुसली, डोळ्यांवर चढवला. "आखातात पंचवीस वर्षं उन्हात भाजून घेतलं," तो म्हणाला, आणि हळू बोलणाऱ्या माणसाचा आवाज पहिल्यांदा चढला. "एका पैशाचा हराम घास लेकरांच्या तोंडी घातला नाही. आणि तुमच्या घरात ये-जा करणारा हरेक माणूस माझ्या नावाने चोर लिहून नेट लावतो?"

"आता लिव्हतंस का आरती ओवालू?"

"सगळी लहान अक्षरं?"

"तुजा डी मोठा हाय."

"मेहेरबानी," दाऊद म्हणाला, आणि एका बोटाने स्वतःला चोर लिहून घेतलं.

फोन घेऊन तो गॅलरीत गेला. "इथे नेट पुरं आहे!" तो तिकडून ओरडला. मग बोळातून अंग चोरत आत आला. पिंपं ओलांडली आणि थबकला. मागे गेला. पुन्हा आला. विंगेत वाक्य विसरलेल्या नटासारखा तो त्या बोळात येरझारा घालत राहिला आणि गंगाबाईचं दात खाणं वाढत गेलं.

"काय नाच लावलास रे?"

"पिंपांच्या गॅलरीकडच्या बाजूला पुरं. तुमच्या बाजूला नुसता ठिपका." दाऊदने ओल्या पिंपावर थाप मारली. "पाणी खातंय तुमचं नेट. पाण्यातून ते पार होत नाही."

गंगाबाईच्या डोळ्यांपुढून सारा उन्हाळा सरकला. पाण्याच्या दिवशी पिंपं भरली की कुस्त्या बंद. दुसऱ्या दिवशी वापरून पाणी उतरलं की कुस्त्या चालू. चोर तिनेच भरून, झाकण लावून, घराच्या मधोमध उभा केला होता.

"मंग पयला कला नाय सांगितलास?" ती दाऊदवरच उखडली.

"उंबऱ्याच्या आत घेत होतात मला?"

त्याने शिंगाड्या काढून आत आणायचा प्रयत्न केला. प्रितमने वायर खिळ्यांनी भिंतीला जखडलेली, ती बोळाच्या तोंडाशीसुद्धा पोचेना. नवराबायकोने मिळून एका पिंपाला खांदा दिला. पिंप तसूभर हललं नाही. उरलेली गोष्ट या घरात तोंडातून काढायची कुणाची छाती नव्हती. तीन दिवस नळ कोरडा. उद्या पाव्हणे. आणि ज्या बाईने पाण्यासाठी टँकरपुढे अंग टाकलं, तिला ते ओतून द्या म्हणून सांगायचं?

फोन पुन्हा वाजला. या वेळी प्रितमच्या आधी डीजेचा दणका ऐकू आला.

गंगाबाईने फोन गोधडीवर टाकला. दोन्ही हातांनी खाटेची कड धरली, छाती भरून घेतली, आणि बाजार उठताना उरलेल्या मासळीसाठी घालावी तशी हाक घातली:

"पानी घेवाऽऽ! पानीऽऽ! या गो बायांनो, पानी घेवा!"

आवाज जिन्यातून वर गेला, खाली गेला. दारं उघडली. आधी कुणाचा विश्वास बसेना. वरच्या मजल्यावरची कुमुद कळशी घेऊन दारात आली आणि तिथेच घुटमळली. रांगेत घुसली म्हणून तिची हीच कळशी गंगाबाईने एकदा लाथेने उडवली होती.

"मावशी, खरंच नेऊ?"

"मंग काय मुहूर्त बगू? भर! आन जिन्यात सांडलास तर तंगडी मोडीन!"

मग मात्र रांग लागली. हंडे आले, बादल्या आल्या, कुणी चहाचं पातेलं घेऊन आलं. दाऊद पिंपातून काढून देत होता, कुबरा हातोहात पोचवत होती. गंगाबाई खाटेवरून प्रत्येकीचा उद्धार करत होती. तुजा हांडा कवरा घान हाय गो. तू कला हसतंस? तुजा नवरा मेल्यागत बगतोय कला, हात लाव म्हन त्याला. एकेक हंडा दारातून बाहेर पडताना तिचे डोळे त्याच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत जात आणि परत टीव्हीवर येत. पिंपाच्या तळाला डबा घासल्याचा आवाज झाला तेव्हा तिने डोळे मिटले.

"आलं!" दाऊद बोळातून ओरडला. "गंगाबाई, पुरं आलं!"

टीव्हीवर नवरीचं तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं. "आजी!"

प्रितमने आईचा आवाज डीजेच्याच कर्ण्यांना जोडून ठेवला होता. त्यामुळे मांडवाने पहिल्यांदा ऐकलं ते असं, "अवधूत! बंद कर त्यो धडधडा! नायतर हितनं येऊन तुजे कान उपटीन!"

धडधडाट थांबला. किशोरी पाटावर ताठ बसली. हळदीची वाटी पुढे आली. गंगाबाईने पदर सावरला, वाटीतल्या बोटाकडे डोळे लावले आणि बोट हळदीत बुडल्या क्षणी सूर लावला:

"भरती आयली गो खाडीचे पान्याला,
हलद चरली गो माजे सोन्याला..."

मांडवातल्या म्हाताऱ्या बायकांनी दुसरी ओळ झेलली. तिकडच्या आणि इकडच्या सुरात किंचित अंतर पडत होतं, गंगाबाईने ते दोन ओळींत ओळखलं आणि आपणच थांबून त्यांना जागा द्यायला लागली. मध्येच गाणं तोडून तिने एकीला हाणलं, "ए, डावे हातानं लावतंस? उजवा घे, उजवा!" आणि तोडल्या जागीच सूर पुन्हा उचलला. जिन्यातून रिकामी भांडी घेऊन आलेल्या बाया दारात दाटीवाटीने उभ्या होत्या. दाऊद रिकाम्या पिंपाला टेकून उभा होता. किशोरीच्या कपाळाला, गालांना, हातांना हळद लागली, पायांना लागली, आणि गंगाबाईने शेवटचा शब्द लांबवून, खाली आणून, अलगद ठेवला.

मग तिला ठसका लागला. तिने हाताने खूण केली. पाणी.

कुबरा स्वयंपाकघरात धावली. कळश्या पालथ्या पडलेल्या, बादल्या कोरड्या. गडबडीत कुणीतरी पिण्याचा माठसुद्धा उपसून नेला होता. साऱ्या घरात थेंब नव्हता. ती तशीच समोर आपल्या घरात गेली, इथूनच आत्ता नेलेल्या हंड्यातून तांब्या भरून घेतला आणि आणून गंगाबाईच्या हातात दिला. स्वतः पुन्हा चौकटीशी जाऊन उभी राहिली, सकाळपासून उभी होती तशी.

गंगाबाईने घटाघटा अर्धा तांब्या संपवला. पदराने तोंड पुसलं. तांब्याकडे बघितलं, मग चौकटीकडे. आठ्या जशाच्या तशा.

"माजाच पानी मना पाजतंस, आन वर उपकार केल्यागत उबी ऱ्हातंस? बस की हितं खाटेवं!"